काळे चेहरे, बुजलेले घोडे: कोडीच्या परेडचे फोटो काढताना या चुका टाळा

यलोस्टोन बघायला निघालेली आपली बरीच मंडळी जुलैच्या पहिल्या आठवड्यात वायोमिंगमधल्या कोडी गावात मुक्काम टाकतात. पार्कचं पूर्वेकडचं गेट तिथून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर. सकाळी चहा घेताना कळतं की आज परेड आहे, मग गळ्यात कॅमेरा अडकवून सगळे शेरिडन ॲव्हेन्यूकडे धावतात. आणि पुढचा आठवडाभर मला व्हॉट्सॲपवर फोटो येत राहतात, "अरे, चेहरे काळे का आलेत बघ ना!"

हॅटमुळे. दुसरं काय?

दहा हजारांच्या आसपास वस्तीचं हे गाव 'वाइल्ड वेस्ट'चे खेळ करणाऱ्या बफेलो बिल कोडीच्या नावाचं, 1896 सालचं. त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 1919 साली इथे 'कोडी स्टॅम्पीड' हा रोडिओ, म्हणजे उधळत्या घोड्या-बैलांवर बसून टिकण्यासारख्या काउबॉय खेळांचा मेळा, सुरू झाला. घोडेस्वारांची, घोडागाड्यांची ही परेड त्याच दिवसांतली. स्टॅम्पीड म्हणजे जनावरं उधळणं. हे नाव लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर हॅट. जुलैतलं कोरडं, लख्ख ऊन, आणि प्रत्येक स्वाराच्या डोक्यावर चार बोटं रुंद कड असलेली हॅट. कॅमेरा उजळ रस्ता आणि आकाश बघून एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा ते, ठरवतो, आणि नाकापासून वरचा चेहरा कोळसा होतो. पहिल्या वर्षी मी डेन्व्हरहून आठ तास गाडी चालवत गेलो, चौदाशे फोटो काढले, तेही जेपेगमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने आधीच दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये. "घरी जाऊन सावल्या उचलू" हा माझा बेत. उचलल्या. चेहऱ्यांवर ज्वारीचं पीठ भुरभुरल्यासारखे दाणे आले. चौदाशेपैकी भिंतीवर लावावा असा एकही निघाला नाही.

आता मी तीन गोष्टी करतो. एक, सूर्य पूर्वेला असतो म्हणून स्वारांची तोंडं कोणत्या बाजूला असतील हे आधी विचारून घेतो आणि ऊन तोंडावर येईल अशी जागा धरतो. दोन, चक्क फुटपाथच्या कडेला मांडी घालून बसतो. खालून पाहिलं की हॅटच्या आतला चेहरा दिसतो, आणि रस्त्यावरून परतलेला उजेडही त्याच्यावर पडलेला सापडतो. तीन, रॉमध्ये, म्हणजे न दाबलेल्या कच्च्या फाइलमध्ये काढतो आणि एक्स्पोजर चेहऱ्यासाठी लावतो. पांढरी हॅट थोडी जळाली तर जळू दे. हॅट दुकानातही मिळते.

पण खरी युक्ती मला शेजारी घडीची खुर्ची टाकून बसलेल्या एका आजोबांनी सांगितली. मी कॅमेऱ्याची बटणं खुडबुडत होतो. ते म्हणाले, "झेंडा आला की बघ." झेंडा आला, लोक उठून उभे राहिले आणि फुटपाथवरच्या साऱ्या हॅट उतरून छातीवर गेल्या. अख्ख्या रस्त्यावर चेहरेच चेहरे, उन्हात न्हालेले. लेन्स प्रेक्षकांकडे वळवायची हीच वेळ. फक्त आधी स्वतः उठा, टोपी काढा. मग फोटो.

दुसरी चूक माझ्या एका मित्राची, आणि तिच्यावरून मी आजही चिडतो. हॅटखालच्या सावलीवर त्याने व्हिडिओ बघून तोडगा शोधला होता: घडीचा चंदेरी रिफ्लेक्टर, म्हणजे ऊन परतवणारी गोल चकती. "तू बसतोस तासभर जागा शोधत, मी दोन सेकंदात उजेड पाडतो." पुण्यात लक्ष्मी रोडवर ढोलपथकाच्या मधे शिरून फोटो काढायची त्याला सवय. तो सरळ रस्त्यात उतरला आणि त्याने ती चकती उघडली. ती खाडकन उघडते, हे वापरणाऱ्यांना ठाऊक आहे. घोड्याला ऐन नाकासमोरचं दिसत नाही, बाजूचं मात्र फार दूरवरचं दिसतं. त्या घोड्याला बाजूला अचानक एक लखलखता गोळा दिसला. तो बुजला आणि आडवा सरकला, तो नेमका परेडमधून फेकलेल्या चॉकलेट-गोळ्या वेचणाऱ्या पोरांच्या दिशेने. वर जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. तिने एकाच बाजूचा लगाम खेचून घोडा जागच्या जागी गोल फिरवला, दोन फेऱ्या, तीन फेऱ्या, आणि तो शांत झाला. कुणाला ओरखडाही नाही. मित्राला एका स्वयंसेवकाने जे सुनावलं त्याचं भाषांतर मी इथे करणार नाही. आणि फोटो? एकाही कॅमेऱ्यात नाही. माझी लेन्स तेव्हा खाली पडलेल्या त्याच्या पिशवीकडे होती.

रिफ्लेक्टर नको, फ्लॅश नको, फटकन उघडणारी छत्रीही नको. फुटपाथची कड ही तुमची लक्ष्मणरेषा. कान मागे चिकटवलेला घोडा दिसला की लेन्स खाली करून मागे सरका.

बाकीच्या चुका किरकोळ, पण दरवर्षी त्याच. शटर 1/2000 सेकंद ठेवून दोरीचा खेळ टिपू नका, दोरी हवेत गोठलेल्या तारेसारखी दिसते; मी 1/200 च्या आसपास येतो. घोडागाड्यांच्या चाकांना त्याहूनही संथ शटर. फोकसला प्राण्यांच्या डोळ्यांवर सोडलंत तर घोडा सुरेख येतो आणि स्वार धूसर. धुळीत लेन्स बदलू नका. मागे निळं प्लास्टिकचं फिरतं शौचालय येत नाही ना, एवढं तरी बघा. 1902 मध्ये बफेलो बिलने मुलीच्या नावाने बांधलेलं दगडी अर्मा हॉटेल त्याच रस्त्यावर आहे, मागे घ्यायचं तर ते घ्या. आणि घरी आल्यावर फोटो तपकिरी करून "जुना काळ" आणू नका. खिशातला मोबाइल तपकिरी रंगातही मोबाइलच दिसतो.

मोठी परेड 3 आणि 4 जुलै अशी दोन्ही सकाळी असते. तुम्ही तीनला जा. चुकायचं ते त्या दिवशी चुका. "एकाच फेरीत उरकतो" म्हणणाऱ्यांचे फोटोही उरकल्यासारखेच असतात.

शेवटचा घोडा गेला की लोक पांगतात. तुम्ही थांबा. मागून फावडी घेऊन लीद उचलणारे आले तर तेही टिपा, त्यांना टाळ्या कमी पडत नाहीत. मग घोडे ट्रेलरमध्ये चढवतात त्या बाजूला चालत जा, विचारून फोटो काढा. तिथे हॅट बोनेटवर ठेवलेल्या असतात, आणि प्रत्येकाच्या कपाळावर एक सरळ रेघ: खाली तांब्यासारखा रापलेला चेहरा, वर दुधासारखं पांढरं कपाळ.