गाण्यांच्या टॅगमधली मराठी नावं बिघडतात तेव्हा

पेनड्राइव्ह भरून आणला, गाडीच्या डेकला लावला, गाणं सुरू झालं. पण नावाच्या जागी युरोपी अक्षरांचा चिवडा, नाहीतर नुसती प्रश्नचिन्हं. गाणं, कलाकार, अल्बम ही नावं गाण्याच्या फाइलमध्येच लिहिलेली असतात, त्यालाच टॅग म्हणतात. सातारा-सांगलीकडे हे नवं नाही. ऊसाच्या ट्रॅक्टरवरच्या लावण्यांपासून मिरजेच्या मैफलींच्या जुन्या रेकॉर्डिंगपर्यंत सगळीकडे हीच रड. यातले काही बिघाड शंभर टक्के दुरुस्त होतात, काही अजिबात होत नाहीत. ओळखायच्या आधीच टॅग एडिटरमध्ये ‘सेव्ह’ दाबलं, तर पहिल्या प्रकारातली फाइल दुसऱ्या प्रकारात जाते. म्हणून आधी पूर्ण फोल्डरची एक प्रत वेगळी काढून ठेवा.

आता स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा.

नुसते चौकोन दिसत असतील तर फाइल निर्दोष आहे. त्या यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही, एवढंच. पहिली वेलांटी आपल्या अक्षराच्या उजवीकडे पडलेली किंवा हलन्त सुटा उभा दिसला तरी तेच: फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवण्याची सोय यंत्रात नाही. टॅगला हात लावू नका.

प्रश्नचिन्हं असतील तर ती फाइल संगणकावर टॅग एडिटरमध्ये उघडा. तिथेही प्रश्नचिन्हंच असतील, तर मूळ मजकूर गेला. कुठल्यातरी प्रोग्रामने न झेपलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं आहे. नावं परत टाइप करणं हाच उपाय.

तिसरा प्रकार महत्त्वाचा. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, त्याला लागून चार कोपऱ्यांना काटे फुटलेलं गोल किंवा जपानी येनचं चिन्ह, मग आणखी एखादं चिन्ह. आणि ही तिकडी पुन्हा पुन्हा. मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीचा वाचला जातोय. जगभरच्या लिप्या साठवणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले तीन आकडे, घेतं. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. पश्चिम युरोपी अक्षरांच्या जुन्या तक्त्यात, जिथे एक बाइट म्हणजे एक अक्षर, २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६४ म्हणजे काटेरी गोल आणि १६५ म्हणजे येन. व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी १६४ मध्ये येतात. दुसरी वेलांटी, उकार, मात्रे आणि हलन्त १६५ मध्ये.

चौथा प्रकार म्हणजे साधीच रोमन अक्षरं आणि विरामचिन्हं, कसलाही अर्थ न लागणारी, आणि तो रेघवाला ए वारंवार येत नाही. हा मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. फॉन्टचं नाव कळलं तर त्याच फॉन्टचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा. नाव कळत नसेल तर लग्नपत्रिका करणाऱ्या एखाद्या जुन्या डीटीपीवाल्याला दाखवा. बऱ्याचदा तो बघूनच सांगतो.

तिसरा प्रकार घडतो कसा? एमपी३ मधल्या आयडी३ टॅगमध्ये मजकुराच्या प्रत्येक चौकटीच्या सुरुवातीला आतला मजकूर कुठल्या पद्धतीने लिहिलाय ते सांगणारा एक बाइट असतो. ० म्हणजे लॅटिन-१, म्हणजे तोच पश्चिम युरोपी तक्ता; १ म्हणजे यूटीएफ-१६, युनिकोड लिहिण्याची दुसरी पद्धत. १९९९ च्या २.३ आवृत्तीत एवढेच दोन पर्याय होते. २००० च्या २.४ आवृत्तीत आणखी दोन आले, त्यातला ३ म्हणजे यूटीएफ-८. काही प्रोग्राम आत यूटीएफ-८ भरतात आणि वर ० ठोकतात. डब्यात साखर, चिठ्ठी मिठाची. वाचणारा चिठ्ठीवर विश्वास ठेवतो, त्यात त्याची चूक नाही.

दुरुस्तीसाठी विंडोजवर एमपी३टॅग हा टॅग एडिटर पुरेसा आहे. ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’, तिथे ‘टॅग्ज’ आणि त्याखाली ‘एमपेग’. लिहिण्याच्या रकान्यात आयडी३ २.३, यूटीएफ-१६ निवडा. मग ‘अ‍ॅक्शन्स’मध्ये नवी अ‍ॅक्शन करा, प्रकार ‘कन्व्हर्ट कोडपेज’ घ्या, कोडपेजच्या, म्हणजे अक्षरांच्या तक्त्यांच्या, यादीतून यूटीएफ-८ निवडा. आधी एकाच फाइलवर आणि एकाच रकान्यावर चालवा. नाव बरोबर उमटलं तरच बाकीच्यांवर. आधीच नीट असलेल्या नावांवर ही अ‍ॅक्शन चालवली तर तीच बिघडतील, त्यामुळे फक्त बिघडलेल्या फाइली निवडा. सगळं सिलेक्ट करून मोकळं होऊ नका.

इथे एक खाच आहे. विंडोजच्या पश्चिम युरोपी तक्त्यात, म्हणजे १२५२ मध्ये, १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या पाच जागा रिकाम्या आहेत. आपल्या दुर्दैवाने हलन्ताचा शेवटचा बाइट १४१ आहे, पहिल्या उकाराचा आणि चंद्रबिंदूचा १२९, देवनागरी ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४ आणि ‘झ’चा १५७. वाटेतल्या एखाद्या प्रोग्रामने या रिकाम्या जागा गाळल्या, तर बाकी नाव सुधारतं पण जोडाक्षरं आणि उकार फुटतात. आणखी दोन अक्षरं नाजूक आहेत. ‘ठ’चा शेवटचा बाइट १६० तिथे न तुटणारी मोकळी जागा असतो, तर ‘भ’चा १७३ न दिसणारी जोडरेघ. कॉपी-पेस्ट करताना दोन्ही सहज हरवतात. म्हणून बिघडलेला मजकूर स्क्रीनवरून उचलून दुसरीकडे चिकटवून दुरुस्त करू नका, थेट फाइलवर काम करा.

दुरुस्तीनंतर तपासायला आपल्याच भागातली दोन नावं उत्तम आहेत. मिरजेत राहिलेल्या ‘अब्दुल करीम खाँ’ यांच्या नावात हलन्त, पहिला उकार आणि चंद्रबिंदू तिन्ही आहेत. वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे ‘पठ्ठे बापूराव’ यांच्यात ‘ठ’ दोनदा आणि मध्ये हलन्त. ही दोन्ही नीट उमटली तर बाकी यादी वरवर चाळली तरी चालेल.

संगणकावर नाव बरोबर, पण डेकवर अर्धवट किंवा प्रश्नचिन्हं, असं असेल तर संशयित वेगळा. एमपी३ च्या शेवटी १२८ बाइटचा जुना आयडी३ पहिल्या आवृत्तीचा टॅग चिकटलेला असू शकतो, आणि काही डेक तोच आधी वाचतात. त्यात गाणं, कलाकार, अल्बम यांना प्रत्येकी ३० बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम १० चिन्हं. त्यात यूटीएफ-८ कोंबलं तर ‘अब्दुल करीम खाँ’ हे ‘म’च्या मध्यावर तुटतं आणि ‘पठ्ठे बापूराव’ यांचं ‘पठ्ठे बापू’ होऊन पुढे अर्धा ‘र’ लोंबकळतो. यूटीएफ-८ ऐवजी विंडोजचं कोडपेज वापरून लिहिलं तर सगळी प्रश्नचिन्हं, कारण देवनागरीसाठी विंडोजचं जुन्या पद्धतीचं कोडपेजच नाही. रशियन मंडळी विंडोजची ‘नॉन-युनिकोड’ भाषा बदलून वेळ भागवतात. ती युक्ती मराठीला लागू पडत नाही, उगाच वेळ घालवू नका.

हा जुना टॅग काढून टाका. एमपी३टॅगच्या ‘टॅग’ रकान्यात प्रत्येक फाइलमध्ये कोणकोणते टॅग आहेत ते दिसतं. एमपेगच्या त्याच पानावर लिहिण्याच्या यादीतली आयडी३ पहिल्या आवृत्तीची आणि एपीई या आणखी एका प्रकारच्या टॅगची खूण काढा, काढून टाकण्याच्या यादीत दोन्हींवर खूण करा. मग फाइली निवडून टॅग कट करा आणि लगेच पेस्ट करा. जुनं सगळं जातं, उरतो एकच टॅग.

२.४ आणि यूटीएफ-८ हे कागदावर जास्त सुटसुटीत आहे, तरी पेनड्राइव्हसाठी आमचं मत २.३ आणि यूटीएफ-१६ लाच. जुन्या विंडोजचा फाइल एक्सप्लोरर आणि बरेच जुने डेक २.४ वाचतच नाहीत.

फ्लॅक आणि ऑग फाइलींत टॅग ठरावानेच यूटीएफ-८ असतो, त्यामुळे तिथे ही भानगड क्वचित. बिघडलेल्या एमपी३ वरून टॅग उचलला असेल तरच.

देवनागरीच न येणाऱ्या डेकसाठी पेनड्राइव्हची वेगळी प्रत करून तिच्यात नावं रोमन लिपीत, आणि तीही उच्चारचिन्हांशिवाय, लिहा. मूळ संग्रह मराठीतच राहू द्या. रोमनवरून परत मराठी करताना ‘ळ’ आणि ‘ण’ कुठे होते ते कुणालाच आठवत नाही.

शोध घेताना एकच अल्बम दोन ठिकाणी दिसत असेल तर ‘ॲ’ बघा. २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेलं हे एकसंध अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं अक्षर डोळ्याला सारखंच, प्लेयरच्या लेखी मात्र दोन वेगळी. शोधा-बदला करून कुठलंही एक ठेवा. फोनवर दुरुस्तीनंतरही जुनंच नाव दिसत असेल तर फाइल पुसून पुन्हा कॉपी करा. फोन यादी एकदाच वाचून साठवून ठेवतो.