टीव्हीच्या सर्व्हिस मेनूतून रंग जुळवताना या चुका टाळा

पुण्यात टीव्ही दुरुस्त करण्याच्या कामात माझी पंचवीसहून अधिक वर्षे गेली आहेत. चित्रनळीच्या काळात रंग जुळवायचे म्हणजे मागचे झाकण काढून नळीच्या मानेवरच्या बोर्डावरचे बारीक पॉट, म्हणजे पेचकसाने फिरवायचे स्क्रू, आणि लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरवरचा स्क्रीनचा पॉट तीळतीळ फिरवावे लागत, आणि आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असल्यामुळे ज्याला हे काम येत नसे तो तिकडे हात नेत नसे. त्याच पॉटांचे आता आकडे झाले आहेत. ते मेमरीत असतात आणि रिमोटवरची चार-पाच बटणे ठरावीक क्रमाने दाबली की पडद्यावर येतात; त्यालाच सर्व्हिस मेनू म्हणतात. झाकण उघडावे लागत नाही म्हणून पूर्वीचा धाक राहिलेला नाही, आणि त्यामुळे त्याच त्या चुका झालेले टीव्ही माझ्या टेबलावर येत राहतात.

गरज नसताना सर्व्हिस मेनूत शिरणे

रंग निळसर वाटतात, चेहरे चुन्यासारखे दिसतात, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना सर्व्हिस मेनूची गरजच नसते. दुकानातल्या झगझगीत उजेडात पडदा उठून दिसावा म्हणून टीव्ही कारखान्यातून निळसर पांढऱ्यावर ठेवून पाठवले जातात. चित्रपट आणि मालिका ज्या पांढऱ्या रंगाला प्रमाण मानून तयार होतात तो डी६५, म्हणजे साधारण ६५०० केल्विन (हा आकडा वाढला की पांढरा निळसर होतो, घटला की पिवळसर), रंग मोजणाऱ्या मीटरच्या भाषेत एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९०. नेहमीच्या मेनूत जाऊन पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करावा, कलर टेम्परेचर वॉर्म करावे, शार्पनेस खाली आणावा आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करावा. एवढ्यानेच पुष्कळ टीव्ही डी६५च्या बऱ्यापैकी जवळ येतात. अलीकडच्या अनेक टीव्हींच्या नेहमीच्या मेनूतही लाल, हिरवा आणि निळा यांचे गेन आणि ऑफसेट, म्हणजे त्या रंगाचे अनुक्रमे उजळ आणि अंधाऱ्या भागातले प्रमाण, दिलेले असतात. ते असताना सर्व्हिस मेनू उघडणे मला अजिबात पटत नाही.

खरी गरज पडते ती दुसऱ्या ठिकाणी. मूळ बोर्ड मिळत नाही म्हणून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून युनिव्हर्सल, म्हणजे कुठल्याही टीव्हीला चालणारा, बोर्ड आणून बसवला, किंवा पॅनेल, म्हणजे चित्राची काच, बदलले, की बोर्डातले पांढऱ्याचे आकडे आणि समोरचे पॅनेल यांची गाठ पडलेली नसते. अशा बोर्डाच्या नेहमीच्या मेनूत बहुधा कूल, नॉर्मल आणि वॉर्म या तिन्हींपलीकडे काही नसते, आणि त्या तिन्हींचे मूळ आकडे सर्व्हिस मेनूतच असतात.

आकडे न टिपता बदल करणे, आणि दुसऱ्याचे आकडे उतरवणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. सर्व्हिस मेनू कारखान्यातल्या आणि दुरुस्तीच्या टेबलावरच्या माणसासाठी केलेला असतो. ‘तुमची खात्री आहे का’ असे तो विचारत नाही, मागे जाण्याचे बटण देत नाही, आणि पुष्कळ टीव्हींत बाणाचे बटण दाबताक्षणी नवा आकडा मेमरीत लिहिला जातो. व्हाइट बॅलन्सच्या, म्हणजे पांढऱ्याचा रंग ठरवणाऱ्या, ओळीच्या वर-खाली पॅनेलचा प्रकार, पॅनेलकडे जाणाऱ्या सिग्नलची मांडणी, चित्र उलटे करण्याची ओळ आणि संपूर्ण मेमरी कोरी करण्याची ओळ अशा सगळ्या एकाच अक्षरात, एकाच रंगात बसलेल्या असतात.

काही वर्षांपूर्वी गणपतीच्या आदल्या संध्याकाळी कोथरूडहून इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी बत्तीस इंची टीव्ही रिक्षात घालून घेऊन आला. मोबाइलवरच्या एका व्हिडिओत त्याच मॉडेलचे आकडे दाखवले होते, ते त्याने जसेच्या तसे भरले. तरीही समाधान होईना, म्हणून पॅनेल अशी ओळ दिसली ती एका घराने पुढे सरकवली. चित्र फोटोच्या निगेटिव्हसारखे झाले. ते सुधारावे म्हणून तो आणखी पुढे गेला आणि चित्रच गेले. मागचा बॅकलाइट लागत होता, आवाज येत होता, पडदा मात्र नुसता करडा. मी विचारले, “अरे, आधीचा आकडा काय होता?” तो म्हणाला, “काका, लक्षात नाही, आणि किती वेळा दाबले तेही नक्की सांगता येणार नाही.”

मेनू दिसत नसेल तर तो दुरुस्त कसा करणार? सुदैवाने त्याच्याच सोसायटीतल्या एका काकूंकडे हुबेहूब तोच टीव्ही होता आणि मागच्या पट्टीवर पॅनेलचा क्रमांकही तोच होता. त्यांनी तो एका रात्रीपुरता दिला. दोन्ही टीव्ही मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकच रिमोट दोघांना चालत असल्यामुळे एकेक बटण दाबले की चांगल्या टीव्हीवर मेनू पुढे सरके आणि बिघडलेल्यातही, न दिसता, तोच मेनू तितकाच सरके. पॅनेलच्या ओळीवर पोचल्यावर चांगल्या टीव्हीच्या खालच्या कडेला जिथे रिमोटचा डोळा असतो तिथे पुठ्ठ्याचा तुकडा लावून वर तळहात धरला, डावा बाण एकदाच दाबला, बिघडलेला टीव्ही बंद करून पुन्हा चालू केला. काही नाही. मग पुन्हा पहिल्यापासून तेच. चौथ्या खेपेला निगेटिव्हसारखे चित्र आले, पाचव्या खेपेला नीट चित्र आले. घड्याळात तेव्हा रात्रीचे पावणेबारा झाले होते.

काम तिथे संपले नाही. त्याचे कारखान्यातले व्हाइट बॅलन्सचे आकडे व्हिडिओतल्या आकड्यांखाली कायमचे पुसले गेले होते. सुरुवात म्हणून काकूंच्या टीव्हीतले आकडे मी त्याच्या टीव्हीत भरून मीटर लावला. काकूंच्या टीव्हीवर ज्या आकड्यांना ६९०० केल्विन मिळत होते, त्याच आकड्यांना त्याच्या टीव्हीवर ८१०० मिळाले. मॉडेल एक आणि पॅनेलचा क्रमांक एक असूनही हा फरक होता, कारण बॅकलाइटच्या एलईडी आणि पॅनेलमधले रंगांचे थर प्रत्येक नगात थोडे वेगळे उतरतात, आणि तो फरक झाकण्यासाठीच कारखान्यात प्रत्येक नगाचे आकडे वेगळे भरलेले असतात. म्हणून व्हिडिओतले, मित्राचे किंवा माझ्याच दुकानातल्या दुसऱ्या टीव्हीचे आकडे तुमच्या टीव्हीला लागू पडतील अशी अपेक्षा धरू नये. दोन मिनिटांत रंग सुधारून देण्याचे आश्वासन देणाऱ्या व्हिडिओंवर माझा खरोखर राग आहे, कारण त्यांत आकडे दाखवतात पण आधी काय टिपून ठेवावे ते सांगत नाहीत.

माझी सवय अशी आहे. मेनू उघडल्यावर कुठलीही ओळ न बदलता प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढतो, आणि व्हाइट बॅलन्सचे सहा आकडे, म्हणजे लाल, हिरवा व निळा यांचे ड्राइव्ह आणि कटऑफ (वर सांगितलेल्या गेन आणि ऑफसेटचीच सर्व्हिस मेनूतली नावे), तारखेसह वहीत हाताने लिहितो. कूल, नॉर्मल आणि वॉर्म यांचे आकडे वेगळे असतील तर तिन्हींचे लिहितो. काही टीव्हींत प्रत्येक एचडीएमआयचे वेगळे असतात, तेही लिहितो. फोटो असताना वही कशाला, असे माझा मदतनीस विचारतो. फोटोत ८ आणि ६ सारखे दिसल्यामुळे मी एकदा फसलो आहे, म्हणून. ज्या ओळीचा अर्थ समजत नाही तिच्यावरून बाण न दाबता पुढे जावे. मेमरी कोरी करण्याच्या ओळीला तर कधीच हात लावू नये. नेहमीच्या मेनूतल्या रिसेटने ग्राहकाच्या सेटिंग्ज जातात, या ओळीने कारखान्याने भरलेले आकडे जातात.

दोष बॉक्सचा, शिक्षा टीव्हीला

काळा रंग राखाडी दिसतो, सगळे चित्र धुक्यातल्यासारखे वाटते, म्हणून सर्व्हिस मेनूत जाऊन कटऑफ खाली ओढलेले टीव्ही मी पाहिले आहेत. व्हिडिओच्या सिग्नलमध्ये काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. संगणकाच्या सिग्नलमध्ये ते ० आणि २५५ असतात. सेट-टॉप बॉक्स किंवा लॅपटॉप एका मापाने पाठवत असेल आणि टीव्ही दुसऱ्या मापाने वाचत असेल तर काळा राखाडी होतो किंवा उलट अंधारातले बारकावे बुडतात. आधी एचडीएमआयची रेंज, म्हणजे हेच माप, दोन्हीकडे एकच आहे का ते पाहावे. हे पाहायला अर्धे मिनिट लागते.

डोळ्यांनी रंग जुळवणे

सहकारनगरमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी स्वतःच्या टीव्हीचा सर्व्हिस मेनू शोधून काढला आणि रोज संध्याकाळी बातम्या देणाऱ्या निवेदिकेच्या चेहऱ्यावरून रंग जुळवायला सुरुवात केली. त्यांनी जुने आकडे वहीत लिहिले होते, याचे मला फार कौतुक वाटले. पण महिनाभरात निळ्याचा ड्राइव्ह १२८ वरून ९२ वर आला होता. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, “अहो, संध्याकाळी ठीक वाटते, पण सकाळी बातम्या लावल्या की ती मुलगी हळदीला बसल्यासारखी दिसते.”

कारण खोलीतच होते. संध्याकाळी त्या खोलीत पिवळे दिवे लागत, साधारण २७०० केल्विनचे, आणि डोळा काही मिनिटांत त्या पिवळ्यालाच पांढरा मानू लागतो. अशा डोळ्याला डी६५चा पडदा निळाच दिसणार, म्हणून माणूस निळा कमी करत जातो, आणि सकाळी खिडकीतून उजेड आला की तोच पडदा पिवळा होतो. शिवाय प्रत्येक वाहिनीच्या स्टुडिओतला उजेड वेगळा, मेकअप वेगळा, त्यामुळे चेहरा हे मोजमाप होऊ शकत नाही. मोजायचे ते करड्या पट्ट्यांवर, आणि मीटरने. मीटरचे आकडे संगणकावर दाखवणारे एचसीएफआर हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, चाचणीचे पॅटर्नही फुकट मिळतात, खर्च आहे तो मीटरचा. एका टीव्हीसाठी तो विकत घेणे परवडत नसेल तर ओळखीत कोणा छायाचित्रकाराकडे मॉनिटरसाठीचा मीटर आहे का ते विचारावे. सॉफ्टवेअरमध्ये बॅकलाइटचा प्रकार बरोबर निवडावा, नाहीतर मीटरही चुकीचे सांगतो.

त्यांच्या घरी मी पडदे ओढून आणि दिवे मालवून बसलो. आधी ब्राइटनेसने काळा आणि कॉन्ट्रास्टने पांढरा ठरवला. मग ८० टक्क्यांच्या करड्यावर ड्राइव्ह आणि ३० टक्क्यांच्या करड्यावर कटऑफ जुळवला. एकाला हात लावला की दुसरा थोडा हलतो, म्हणून वर-खाली, वर-खाली असे तीन-चार फेरे घ्यावेच लागतात; नवशिके पहिल्या फेरीनंतर उठतात आणि मग अंधारातल्या प्रसंगांत केस तांबूस किंवा हिरवट दिसतात. हिरव्याला मी शक्यतो हात लावत नाही. एचडीच्या रंगमानकात उजेडाचा सुमारे ७१.५ टक्के वाटा हिरव्याचा, २१ टक्के लालचा आणि ७ टक्के निळ्याचा असतो, त्यामुळे हिरवा हलवला की सगळी उजेडाची पातळीच हलते. लाल आणि निळा त्याच्याशी जुळवून घ्यावेत, आणि जुळवताना कमी असलेला रंग वाढवण्याऐवजी जास्त असलेला कमी करावा. वाढवत नेले की अगदी उजळ भागात तो रंग कमाल मर्यादेला टेकतो आणि पांढऱ्या शर्टाच्या घड्या नाहीशा होतात. त्या टीव्हीचा निळा शेवटी ११९ वर थांबला. सरांनी तो आकडा स्वतःच्या वहीत, ९२ च्या खाली, लिहून घेतला.

आणखी काही

टीव्ही किमान अर्धा तास चालू राहिल्याशिवाय मोजायला बसू नये. खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडदा मंद करणारा सेन्सर आणि वीज वाचवण्याची सेटिंग आधी बंद करावी, नाहीतर मोजता मोजता आकडे सरकत राहतात. ओएलईडीवर पूर्ण पडद्याचा पांढरा पॅटर्न लावू नये, पडद्याच्या १० टक्के आकाराची खिडकी लावावी, कारण मोठा पांढरा भाग दिसला की तो पडदा स्वतःच उजेड कमी करतो. मीटर पॅनेलला नुसता टेकवावा, दाबू नये. एचडीआरचे, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला असलेल्या चित्राचे, आकडे वेगळे असतात, साध्या चित्रासाठी केलेली मेहनत तिथे लागू होईलच असे नाही.

मेमरीत आकडा लिहिला जात असताना वीज गेली तर मेमरी बिघडू शकते. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवण्याचा प्रघात आहे, म्हणून गुरुवारी मी हे काम घेत नाही, आणि इतर दिवशीही टीव्ही यूपीएसवर ठेवतो.

काम झाले की घरच्यांची पहिली प्रतिक्रिया जवळजवळ नेहमी एकच असते: चित्र पिवळे झाले. वर्षानुवर्षे निळसर पांढरे पाहिलेल्या डोळ्याला खरे पांढरे पिवळे वाटणे स्वाभाविक आहे, आणि घाईत असलेला माणूस त्याच रात्री पुन्हा कूल लावून टाकतो. मी म्हणून फक्त सिनेमा मोडचा वॉर्म जुळवतो आणि स्टँडर्ड मोड होता तसा ठेवतो, म्हणजे ज्याला नको असेल त्याला एका बटणावर जुने चित्र मिळते. आठ दिवस सिनेमा मोडवरच पाहा आणि मग एकदा स्टँडर्ड लावा, असे सांगून नव्या-जुन्या आकड्यांची तारीख घातलेली चिठ्ठी टीव्हीच्या पाठीवर, हवेच्या जाळ्या सोडून, चिकटपट्टीने लावून येतो.