गौताळ्यातील वनस्पती: संवर्धनाचा अग्रक्रम कसा ठरवावा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड गावाजवळच्या सातमाळा-अजिंठा डोंगररांगांतील गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 मध्ये घोषित झाले. तरी तेथील प्रत्येक वनस्पतीला सारखेच लक्ष पुरवणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही, म्हणून आधी क्रम लावावा लागतो.

प्रथम यादी करावी आणि ती पावसाळ्यातच सुरू करावी. खर्पुडी, कळलावी, सफेद मुसळी यांसारख्या कंदवर्गीय वनस्पती उन्हाळ्यात जमिनीखाली सुप्त असतात. त्यामुळे केवळ मे महिन्यात केलेली पाहणी नेमक्या धोक्यातील जातींनाच वगळते. गुराखी आणि वैदू यांना सोबत घ्यावे, कारण कंद पूर्वी कोठे मिळत असे हे त्यांनाच ठाऊक असते.

त्यानंतर प्रत्येक जातीचा आढळ किती मर्यादित आहे, तिची खोदाई, चराई किंवा वणव्याने हानी होते का आणि तिची रोपे उगवतात का, हे तपासावे. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: सालईचा मोठा वृक्ष दिमाखात उभी असली, तरी खाली एकही रोप नसेल, तर ती जात धोक्यातच समजावी. धोक्यातील जातींची आंतरराष्ट्रीय लाल यादी पाहावी, मात्र तिच्यावरच विसंबू नये. जगभर सुरक्षित असलेली जात एखाद्या डोंगरातून नाहीशी होऊ शकते.

या निकषांवर प्रत्येक जातीचे गुणांकन करावे, पण निव्वळ बेरजेवर निर्णय सोपवू नये. एकाच कड्यावर उरलेल्या जातीला गुण कमी पडले, तरी तिला वर घ्यावे. घाणेरी हे आक्रमक झुडूप काढण्यासारखी अनेक जातींना उपकारक कामे आधी हाती घ्यावीत, आणि दुर्मीळ कंदांची नेमकी ठिकाणे अहवालात छापू नयेत.