एमएएफ सेन्सर उघडण्याआधी काय तपासायचं, काय जमवायचं

एमएएफ म्हणजे इंजिनात शिरणारी हवा मोजणारा सेन्सर; तो मळला की आकडे चुकतात, म्हणून उघडून धुतात. पहिली खात्री ही, की तुमच्या गाडीत हा सेन्सर आहे. मारुतीच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत हवा थेट मोजणारा एमएएफ नसतोच; इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळीवर, एमएपी सेन्सर असतो, तो दाब मोजतो आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) त्यावरून हवेचा हिशोब लावतो. बॉनेट उघडा आणि एअर फिल्टरच्या डब्यातून निघणारा जाड पाइप बघा. डब्याच्या तोंडाशीच दोन स्क्रूंनी बसवलेला, तीन ते पाच वायरींचा कपलर असलेला तुकडा दिसला तर तो एमएएफ. दोनच वायरी असतील तर बहुधा तो नुसता हवेचं तापमान सांगणारा सेन्सर. कॉमन रेल डिझेल गाड्यांत एमएएफ जवळजवळ हमखास सापडतो. गाडी वॉरंटीत असेल तर बॉनेट मिटून सर्व्हिस सेंटर गाठा; इथे हात घालण्यात शहाणपण नाही.

दुसरी वस्तू स्प्रे नाही, स्कॅनर. ब्लूटूथवर चालणारा साधा ईएलएम ३२७ आणि मोबाइलवरचं अॅप एवढ्यावर काम भागतं. स्कॅनर जिथे लावायचा तो ओबीडी पोर्ट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास असतो. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर कोड लिहून ठेवा आणि मगच पुसा. पी०१०१ म्हणजे रीडिंग अपेक्षेबाहेर: घाण किंवा हवेची गळती. पी०१०२ आणि पी०१०३ म्हणजे सिग्नल फार कमी किंवा फार जास्त, आणि तिथे पहिला संशय वायरिंगवर घ्यावा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनाभर उभ्या गाडीची वायर उंदरांनी कुरतडलेली असणं पुण्यात काही नवं नाही. मल्टिमीटर हाताशी ठेवा: इग्निशन चालू करून कपलरच्या सप्लाय पिनवर बॅटरीइतका, म्हणजे सुमारे १२ व्होल्ट दाब मिळायला हवा. तो नसेल तर सेन्सर धुऊन काही उपयोग नाही.

खरं निदान फ्युएल ट्रिममध्ये आहे, म्हणजे ईसीयू ठरलेल्या इंधनात किती टक्के वाढ-घट करतोय त्या आकड्यात, आणि याच पायरीला बहुतेक जण टांग मारतात. पेट्रोल गाडी पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा, सीएनजी किट असेल तर पेट्रोलवर घ्या. आधी आयडलला (अॅक्सिलरेटर सोडून), मग २५०० आरपीएमवर शॉर्ट (तात्पुरता) आणि लाँग (शिकलेला) ट्रिमची बेरीज बघा. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर सेन्सरला सोडा. आयडलला आकडा +१५, +२० आणि रेस दिल्यावर शून्याकडे येत असेल तर सेन्सर आणि इंजिनाच्या मध्ये कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरतेय: फाटलेला रबरी पाइप, सैल क्लॅम्प, निसटलेली व्हॅक्यूम नळी. उलट लोड वाढेल तसा अधिकचा आकडा चढत गेला तर सेन्सर हवा कमी मोजतोय, म्हणजे मळलाय. अर्थात फ्युएल पंप किंवा फिल्टर दमला असला तरी हेच चित्र दिसतं, तेही डोक्यात असू द्या. १.५ लिटरच्या इंजिनाला आयडलवर साधारण २ ते ३.५ ग्रॅम प्रति सेकंद हवा दिसते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्याने इथला हवेचा दाब १०१ नव्हे, ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो. त्यामुळे पूर्ण अॅक्सिलरेटरवरचा आकडा मुंबईपेक्षा पाच-सहा टक्के कमी आला तर घाबरू नका. आयडलवर मात्र हा फरक दिसत नाही, कारण थ्रॉटल (हवेची झडप) तेवढा जास्त उघडून भरपाई होते.

आता सामान. स्प्रे एमएएफसाठीचाच हवा. सीआरसीचा मिळतो, दुसऱ्या कंपन्यांचेही आहेत. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर, डब्ल्यूडी-४० यांतलं काहीही चालणार नाही: पहिले दोन प्लॅस्टिक आणि कोटिंग खातात, तिसरा तेलाचा थर मागे ठेवतो. नवा एअर फिल्टर सोबतच आणा. मेट्रोच्या कामाच्या रस्त्यांवर किंवा चाकण-हिंजवडीला रोज फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरआधीच बदलावा लागतो, आणि जुना तसाच ठेवला तर सेन्सर पुन्हा मळतो. तेल लावलेला धुण्याजोगा फिल्टर असेल तर जादा तेल हेच दुखण्याचं मूळ असू शकतं. शिवाय स्टार स्क्रूड्रायव्हर (बऱ्याच सेन्सरना टी २० लागतो), १० चा पाना, हातमोजे, चष्मा. स्प्रे पेटणारा आहे, तेव्हा बेसमेंट पार्किंग नको, उघडी जागा बघा आणि इंजिन थंड होऊ द्या.

इग्निशन बंद करून बॅटरीचा निगेटिव्ह काढा. कपलरचं लॉक दाबूनच सोडवा. इंजिनाच्या उष्णतेने कडक झालेलं प्लॅस्टिक वायर ओढली की तुटतं. सेन्सर बाहेर आला की पहिलं काम त्यावरच्या पार्ट नंबरचा फोटो. आत डोकावलं तर केसाएवढी तार किंवा चपटी फिल्म दिसेल, तिच्यावर करडी पूड किंवा तेलकट चिकट थर. बोट, इअरबड, कॉम्प्रेसरची हवा, काही लावायचं नाही. दहा-बारा सेंटिमीटरवरून छोटे दहा ते पंधरा फवारे मारा, शेजारच्या तापमानाच्या मण्यावरही मारा, आणि घाण आपोआप निथळू द्या. उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, जुलैच्या दमट हवेत तासभर थांबा. ओल्या सेन्सरला करंट देऊ नये. ओ-रिंग (सेन्सरभोवतीचं रबरी कडं) चिरली असेल तर नवी घाला, नाहीतर तिथूनच गळती सुरू होईल. बाण इंजिनाकडे ठेवून बसवा.

बॅटरी काढल्यामुळे ईसीयूची शिकलेली मूल्यं जातात, म्हणून पहिले काही किलोमीटर आयडल जरा वरखाली होईल. कात्रजच्या जुन्या घाटासारखा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढवून ट्रिम पुन्हा बघा. आकडे हलले नाहीत, वायरिंग आणि गळतीही ठीक आहे, तर सेन्सर बदलायची वेळ आली. नाना पेठेत, पुण्यातल्या सुट्या भागांच्या बाजारात, जाताना पार्ट नंबरचा तो फोटो मोबाइलमध्ये असू द्या. फक्त गाडीचं नाव सांगून मागाल तर मिळताजुळता डुप्लिकेट हातात पडतो, आणि त्याची रीडिंग पहिल्या दिवसापासून चुकीची असतात.