जर्मनीच्या हिवाळ्यासाठी पुरुषांचा ओव्हरकोट कसा निवडावा

जर्मन विद्यापीठांचे हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांत बॅगा भरण्याची लगबग असते आणि जाड कोट कोठून घ्यावा हा प्रश्न तेव्हा हमखास निघतो. म्युनिकमध्ये राहू लागल्यापासून मी या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो आहे. स्वेटर, थर्मल आणि मफलर घरून आणावेत. ओव्हरकोट मात्र येथे येऊन, अंगात घालून आणि कापड हाताने चाचपूनच घ्यावा. ऑक्टोबर बहुधा स्वेटर आणि साध्या जॅकेटवर निभावतो, त्यामुळे दुकाने हिंडायला पुरेसा वेळ मिळतो.

मी स्वतः येताना घेतलेला कोट दिसायला भारदस्त आणि हाताला चांगला जाड होता. डिसेंबरातल्या एका सकाळी ट्रामच्या थांब्यावर पंधरा मिनिटे उभे राहावे लागले, तेव्हा वारा त्या कोटातून थेट छातीपर्यंत पोचत होता. घरी येऊन आतल्या खिशाजवळची पट्टी वाचली, तर तिच्यावर पॉलिएस्टर ६० टक्के, ॲक्रिलिक २५ टक्के आणि लोकर १५ टक्के असे लिहिलेले होते. कापड जाड असले म्हणजे ते उबदार असतेच असे नाही, ही गोष्ट त्या पट्टीने मला कायमची शिकवली.

आपल्याकडच्या घोंगडीचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना यामागचे कारण चटकन कळेल. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी हाताला खरखरीत लागते, तरीही धनगर तिची खोळ डोक्यावरून घेऊन भर पावसात मेंढरांमागे रानात उभा राहतो. लोकरीचा प्रत्येक तंतू नैसर्गिकरीत्या कुरळा असतो आणि या कुरळेपणामुळे कापडात हवेचे असंख्य बारीक कप्पे तयार होतात. अंगाची ऊब धरून ठेवते ती ही कोंडलेली हवा. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषून घेऊनही हाताला ओली लागत नाही. थंडीतून तापवलेल्या ट्राममध्ये आणि ट्राममधून पुन्हा थंडीत, अशी ये-जा दिवसभर करणाऱ्या माणसासाठी हा गुण फार मोलाचा आहे, कारण आत आलेला घाम बाहेर पडताच गार पडतो आणि हुडहुडी भरवतो.

परंतु कोंडलेली हवा वाऱ्याने उडवून नेली तर लोकरीचाही उपयोग राहत नाही. तापमान शून्य अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे ६ किंवा ७ अंशांसारखे बोचते. म्हणून ओव्हरकोटाच्या कापडाची वीण घट्ट हवी. मेल्टन नावाच्या इंग्लिश कापडात लोकरीचे विणलेले ठाण पाणी, साबण आणि दाब यांच्या साहाय्याने घोटून आटवतात; तंतूंवरचे सूक्ष्म खवले एकमेकांत अडकतात आणि उभा-आडवा धागा दिसेनासा होतो. आल्प्समधला टिरोल प्रांत आणि म्युनिक ज्यात येते ते बव्हेरिया राज्य, येथले लोडन हे कापडही असेच आटवून घट्ट केलेले असते. डोंगराळ मुलुखातल्या मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या अंगावरून ते शहरात आले, आणि म्युनिकच्या रस्त्यांवर आजही गडद हिरवे लोडन कोट घातलेली वयस्कर मंडळी दिसतात. बर्फाची भुरभुर आणि हलका पाऊस लोडन सहज झटकून टाकते, त्यामुळे एकच कोट घ्यायचा असेल तर माझा कौल लोडनला आहे.

दुकानात कापड पारखण्यासाठी आधी पट्टी वाचावी. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार तंतूंचे प्रमाण टक्क्यांत लिहिणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. जर्मन पट्टीवर ‘ओबरश्टोफ’ म्हणजे वरचे कापड आणि ‘फुटर’ म्हणजे अस्तर. ‘शूरवोले’ हा शब्द असेल तर लोकर नवी, मेंढीच्या अंगावरून कातरलेली आहे. नुसते ‘वोले’ असेल तर ती जुन्या कपड्यांतून पिंजून काढलेली असू शकते, आणि अशा लोकरीचे तंतू आखूड असल्यामुळे तिला लवकर गोळे येतात. वरच्या कापडात लोकर ८० टक्क्यांपेक्षा कमी नसावी. उरलेला भाग नायलॉनचा असेल तर बिघडत नाही, कारण त्याने बाह्यांच्या कडा आणि खिशांची तोंडे लवकर झिजत नाहीत. कश्मिरी लोकर मऊ आणि हलकी असते, पण ती नाजूकही असते. खांद्याला रोज लॅपटॉपची बॅग अडकवणाऱ्याने केवळ कश्मिरीचा कोट घेऊ नये.

त्यानंतर हाताने परीक्षा करावी. कोटाचा एकेरी कापडाचा भाग मुठीत पाच सेकंद घट्ट आवळून सोडावा; चांगली लोकर पुन्हा उसळून सरळ होते, हलक्या मिश्रणावर चुण्या तशाच राहतात. तोच भाग ओठांशी धरून जोराने फुंकर मारावी आणि दुसरा हात मागे धरावा. फुंकर तळहाताला स्पष्ट जाणवली, तर वाराही तसाच आत येणार. वजनाचा आकडा मिळाला तर सुमारे दीड मीटर पन्ह्याच्या कापडासाठी मीटरला ५५० ते ७०० ग्रॅम ही येथल्या हिवाळ्याला योग्य मर्यादा आहे. तो आकडा मीटरचा आहे की चौरस मीटरचा, हे मात्र विचारून घ्यावे, कारण मीटरला ६०० ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला फक्त ४०० ग्रॅम होतात.

मापाच्या बाबतीत आपल्या मुलांची बरीच फसगत होते. जर्मन माप म्हणजे साधारणपणे छातीच्या घेराचा निम्मा आकडा. छाती १०० सेंटिमीटर असेल तर माप ५०. बेताच्या उंचीच्या पुरुषांसाठी येथे २४, २५, २६ अशी वेगळी मापे असतात. २५ क्रमांकाचा कोट छातीला ५० इतकाच असतो, पण त्याची बाही आणि लांबी आखूड असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते, आणि मग बोटांपर्यंत येणाऱ्या बाह्यांचा कोट घेऊन ते शिंप्याकडे जातात. बाही कमी करता येते, परंतु खांदा दुरुस्त करणे अवघड आणि महाग असते, म्हणून खांदा चुकला तर कोट कितीही आवडला तरी परत ठेवावा. कोट घालून पाहताना आत जाड स्वेटर किंवा ब्लेझर असलाच पाहिजे. सगळी बटणे लावून दोन्ही हात समोर आणावेत. पाठीत ताण पडला तर एक माप मोठे घ्यावे. बाहीने शर्टाचा कफ झाकून अंगठ्याच्या मुळाशी टेकावे.

लांबी गुडघ्यापर्यंत हवी, याबाबत तडजोड करू नये. कमरेपर्यंतचा कोट ऐटदार दिसतो, पण थांब्यावर उभे असताना मांड्या गारठतात. दुहेरी बटणांच्या कोटात छातीवर कापडाचे दोन थर येतात, त्यामुळे तो अधिक उबदार असतो. मात्र तो उघडा ठेवला तर पुढचे पाखे लोंबत राहतात. कॉलर उभी करून गळ्याशी बंद होते का, हेही पाहावे. अस्तर व्हिस्कोस किंवा क्युप्रो या वनस्पतिजन्य सेल्युलोजपासून केलेल्या कापडाचे असेल तर घाम कोंडत नाही. रंग आवडीचा घ्यावा. नेव्ही, राखाडी किंवा गडद हिरवा सगळीकडे चालतो.

म्युनिकमध्ये जानेवारीच्या रात्री तापमान साधारणपणे शून्याखाली तीन-चार अंश उतरते, आणि तेथे असा कोट, आत स्वेटर व गळ्यात मफलर हे पुरेसे होते. कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरात जेथे जानेवारीच्या रात्री सरासरीनेच उणे २० च्या आसपास असतात, तेथे लोकरीच्या कोटावर विसंबू नये. तेथे टोपी असलेला, पिसांच्या भरणीचा पार्काच घ्यावा.

खिशाचा विचार करता नवा कोट डिसेंबरात घेण्यापेक्षा नाताळानंतरच्या सवलतींत घेणे शहाणपणाचे. जुन्या कपड्यांच्या दुकानांत आणि फ्लोमार्क्ट म्हणजे जुन्या बाजारात उत्तम लोडन कोट थोडक्या पैशांत मिळतात. असा कोट उजेडासमोर धरून पाहावा. कसर लागलेली असेल तर टाचणीच्या टोकाएवढी भोके चमकतात, विशेषतः कॉलरखाली आणि काखेत.

नवा कोट घरी आणल्यावर मागच्या चिरेवर फुलीसारखे घातलेले पांढरे टाके आणि बाहीवरची शिवलेली पट्टी छोट्या कात्रीने काढून टाकावी. हे दोन्ही दुकानातल्या हाताळणीपुरतेच असते. टाके तसेच राहिले तर चालताना कोट मांड्यांवर आवळतो आणि चिरेजवळचे कापड ताणले जाते. भिजलेला कोट रुंद खांद्याच्या हँगरवर, हीटरपासून दूर वाळवावा, आणि वाळल्यावर मऊ ब्रशने वरून खाली झाडावा. ड्रायक्लीन हंगामात एकदा, कोट ठेवून देण्यापूर्वी करावे, कारण कसरीच्या अळ्या घामाच्या आणि अन्नाच्या डागांवर आधी बसतात. मग तो प्लास्टिकमध्ये न गुंडाळता सुती खोळीत घालून, सोबत देवदाराचे तुकडे ठेवून कपाटात टांगावा, आणि उन्हाळ्यात एक-दोनदा बाहेर काढून झटकावा.