तेओतिवाकान पाहताना या चुका टाळा

मेक्सिको सिटीपासून सुमारे 50 किलोमीटरवर तेओतिवाकान हे पिरॅमिडांचं प्राचीन शहर आहे. बहुतेकांचा दिवस फसतो तो इथे उशिरा पोहोचल्यामुळे. फाटक सकाळी लवकर उघडतं आणि 11 वाजेपर्यंत सहलीच्या बसगाड्यांची रीघ लागते. मेट्रोच्या 5 नंबर मार्गावर ‘आउतोबुसेस देल नोर्ते’ला उतरा. शेजारच्याच बसस्थानकातून तासाभरात पोहोचता येतं. पाटीवर ‘पिरामिदेस’ असेल तीच बस घ्या. नुसतं ‘सान हुआन तेओतिवाकान’ लिहिलेली बस तुम्हाला गावात सोडेल. पेसो रोख जवळ ठेवा. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असल्याने तो दिवस टाळलेला बरा.

दुसरी चूक चुकीच्या फाटकाची. 2 नंबरचं फाटक सूर्य-पिरॅमिडजवळ असल्यामुळे लोक तिथेच उतरतात आणि दक्षिणेकडची सिउदादेला, म्हणजे भिंतींनी वेढलेलं मोठं चौकोनी आवार, राहून जाते. पंखधारी सर्पाचं मंदिर तिथेच आहे, आणि दगडात कोरलेली सर्पमुखं पाहायची तर तिथेच. म्हणून 1 नंबरच्या फाटकाने आत शिरा, ‘मृतांचा मार्ग’ या शहराच्या मुख्य रस्त्याने उत्तरेला चंद्र-पिरॅमिडपर्यंत चाला आणि 3 नंबरने बाहेर पडा. अंतर जेमतेम दोन किलोमीटर असलं तरी वाटेत आडव्या भिंती आहेत. प्रत्येक भिंतीला पायऱ्या चढा-उतरायच्या, त्यामुळे पाय लवकर भरून येतात. त्यात ही जागा सुमारे 2,300 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही साडेसहाशे मीटर वर. विमानातून उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलात तर दम लागणारच. माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी हवीच, सावली जवळजवळ नाही. जून ते सप्टेंबर दुपारनंतर विजांसह पाऊस येतो, तेव्हा उघड्यावर थांबू नका.

जुन्या प्रवासवर्णनांच्या भरवशावर 65 मीटरच्या सूर्य-पिरॅमिडवर चढायचे बेत आखू नका. 2020 पासून ती चढाई बंद आहे. चंद्र-पिरॅमिडचं त्या दिवशी काय चाललंय, ते फाटकावरच विचारा.

‘अझ्टेकांचं शहर’ म्हणणारा वाटाड्या भेटला तर सावध व्हा. हे शहर इसवी सनाच्या सहाव्या शतकाच्या सुमारास कोसळलं. अझ्टेक आले ते कितीतरी शतकांनी, त्यांनी फक्त नाव दिलं. भिंतींच्या सांध्यांमधल्या चुन्यात बारीक खडे खोचलेले दिसले, तर तो भाग आधुनिक डागडुजीचा समजा. मूळ रंग पाहायचे असतील तर सूर्य-पिरॅमिडच्या पूर्वेला तेपान्तित्ला या जुन्या वाड्यातली भित्तिचित्रं आहेत. तिथे गर्दी फिरकत नाही.