'सा' लागण्याआधीचा क्षण कसा विचारावा

एका वेळचा एकच क्षण निवडा. "सा लावताना काय वाटतं?" असं विचारलंत तर गाणारा गुरूंकडून ऐकलेलंच सांगेल: मन एकाग्र करायचं, श्वास पोटातून घ्यायचा. ही झाली शिकवण. आपल्याला हवा आहे आज सकाळच्या रियाजातला, तानपुरा सुरू झाल्यानंतरचा आणि आवाज फुटण्याआधीचा क्षण.

एकाच क्षणाचा अनुभव असा बारकाईने विचारण्याची ही मुलाखतीची पद्धत फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर व्हेर्मेर्श यांनी घडवली आणि संशोधक क्लेर पतीमांजँ यांनी पुढे नेली. फेफऱ्याचा झटका येण्याआधी रुग्णांना काय जाणवतं, हेही पतीमांजँ यांनी असंच विचारून शोधलं. मी गाणाऱ्यांना विचारते.

आधी त्याला तिथे परत न्या. कुठे बसला होतात? उजेड कुठून येत होता? तानपुरा कुठल्या बाजूला? बोलणं संथ झालं, नजर तुमच्यावरून सुटली, "लावला"चं "लावतोय" झालं की तो तिथे पोचला. तोवर थांबा.

"का" विचारूच नका. माणूस कारणं जुळवू लागतो आणि त्या क्षणातून बाहेर पडतो. "त्याच्या आधी काय झालं?", "ते कसं करता?", "कसं कळलं?" एवढे प्रश्न पुरतात. "छातीत काही जाणवलं का?" हेही नको, छाती तुम्ही सुचवलीत.

एक तरुण गायक म्हणाला, "सूर ऐकतो, लावतो. बस." पण बोलताना त्याचा हात कानामागून निघून गळ्यापाशी थांबला. मी म्हटलं, "हात तसाच पुन्हा फिरवा. तिथे काय आहे?" बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "सूर मागे आहे. मी किंचित मागे सरकतोय, त्याला टेकतोय... आता घसा उघडतोय." इतकी वर्षं तो हे रोज करत होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता! म्हणून हाताकडे लक्ष ठेवा, तो शब्दांच्या आधी बोलतो.

अधूनमधून त्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत परत ऐकवा आणि चुकलं असेल तर दुरुस्त करू द्या. "टेकतोय"चं "विसावतोय" करू नका.

माणूस हे रचून सांगत नसेल कशावरून? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पतीमांजँ आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात, लोकांनी दोन फोटोंतून निवडलेला चेहऱ्याचा फोटो गुपचूप बदलून "हा का निवडलात?" असं विचारलं होतं. एरवी ही अदलाबदल ३३ टक्के वेळा पकडली गेली, निवडीच्या क्षणाबद्दल अशी मुलाखत घेतल्यावर ८० टक्के वेळा. म्हणजे त्या क्षणात परत नेलं की माणूस रचून कमी सांगतो.

परवानगी घेऊन केलेलं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवा. मतं, कारणं आणि "नेहमी असं होतं" छापाची वाक्यं बाजूला काढा, उरलेलं घडलं त्या क्रमाने लावा. दुसऱ्या गायकाशी ताडताना आधी हा क्रम बघा, शब्द नंतर.